भूगोलाच्या बाई आणि नवा फळा

हडपसरच्या आमच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवत असे, त्यामुळे त्यांचा खणखणीत आवाज रोज कानी पडे. प्रत्येक वाक्याला "कळलं का?" आणि उत्तराची वाट न पाहता पुढचं वाक्य.

वर्गात डिजिटल फळा यावा म्हणून खराडीच्या आयटी कंपन्यांत देणगीसाठी त्यांनीच खेटे घातले. मी म्हटलं, "तुम्ही इतकं छान शिकवता, मग हे कशाला?"

"अहो, मी नुसते हात हलवून ज्वालामुखी सांगते. पोरांना दिसू दे की एकदा."

फळा आला. त्यातला रेकॉर्ड केलेला आवाज धडा समजावून सांगे, आणि बाई बटण दाबून कडेला उभ्या राहत. मुलांना खरंच जास्त कळू लागलं. बाई हे सगळ्यांना कौतुकाने सांगत.

एकदा तास चालू असतानाच लाइट गेली. मी डोकावलो, तर बाई खडूने भिंतीवरच्या जुन्या फळ्यावर नदीचं खोरं काढत होत्या. पहिल्या बाकावरची मुलगी अदबीने म्हणाली, "मॅडम, लाइट येऊ द्या ना. त्यात नीट सांगतात."

"बरं" म्हणून बाईंनी खडू ठेवला आणि त्या मुलीशेजारीच बाकावर बसून राहिल्या.

तास संपेपर्यंत लाइट आली नाही. बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "तिचं काही चुकलं नाही हो."

पुढच्या जूनमध्ये त्यांनी शाळेच्या ऑफिसातलं काम मागून घेतलं.