लाल दिव्याकडे लक्ष

नाशकात बाईंचा तो कार्यक्रम झाला तेव्हा मी पहिल्या रांगेत बसलो होतो, आणि मला त्यातलं एक अक्षरही ऐकू आलं नाही. माझे कान त्या काळी उत्तम होते. बिघाड होता तो कानांच्या मधोमध.

बाईंचं नाव सांगत नाही. सांगितलं की समोरचा लगेच म्हणतो, "तो कार्यक्रम? अहो, मी होतो की!" आमच्या कॉलनीतल्या विहाराशेजारचं ते मैदान केवढंसं! आजवर 'मी होतो' म्हणणारे सगळे खरंच आले असते, तर निम्म्यांना गोदावरीत उभं राहून ऐकावं लागलं असतं. तेव्हा बाई म्हणजे कव्वालीतली वीज. आणि त्यांचे सगळ्यांत मोठे भक्त म्हणजे माझे सासरे, कळवणचे निवृत्त शिक्षक. त्यांनी बाईंना आयुष्यभर फक्त रेडिओवर ऐकलं होतं. बाई नाशकात येणार म्हटल्यावर त्यांनी कोट धुऊन इस्त्री करून ठेवला, आणि कार्यक्रम आठवड्यावर आला असताना आंब्याच्या झाडावरून पडून पाय मोडून घेतला. (या वयात झाडावर का चढलात, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी जावई होतो, पण शिक्षकांना भिणारा.)

आम्ही भेटायला गेलो तर पायाला प्लॅस्टर आणि डोळ्यांत पाणी.

"जावईबापू, माझं काही जाणं होत नाही आता. तुमच्याकडे तो टेपरेकॉर्डर आहे ना? तेवढं बाईंचं गाणं भरून आणा."

"मामा, काळजीच सोडा!" मी छाती पुढे काढून म्हणालो.

टेपरेकॉर्डर नवा होता. घरात त्याला हात लावायचा हक्क फक्त मला. माझी बायको कमल त्याच्यावरची धूळसुद्धा फुंकरीनं उडवायची.

रविवारी दुपारी मी तो मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसलो, तान्हं बाळ घेऊन बसावं तसा. बाई आल्या. पहिली कव्वाली सुरू झाली, आणि दुसऱ्याच ओळीला लाईट गेले! माईक बंद. लोकांनी कपाळाला हात लावले. मी मात्र मनातल्या मनात टाळी वाजवली, कारण माझं यंत्र बॅटरीवर चालत होतं. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लखलखीत!

आणि मग ते घडलं. बाई स्टेजवरून खाली उतरल्या, लोकांच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि माईकशिवाय, नुसत्या ढोलकीवर गायला लागल्या. म्हणे माणसं स्तब्ध झाली होती. म्हणे बायका रडत होत्या. हे सगळं मला नंतर इतरांनी सांगितलं. मी लाल दिव्याकडे बघत होतो.

शिवाय माझ्यावर केवढी जबाबदारी! कोणी खोकलं की मी, "श्श!" कोणाचं पोर किरकिरलं, "श्श!" कोणी वाहवा केली की त्यालाही, "श्श!"

"अहो, ऐका तरी," कमल कुजबुजली.

"ऐकायचं काय त्यात? घरी कॅसेटवर ऐकू की!"

पुढच्या रविवारी आम्ही एसटीनं कळवणला. कॅसेट मामांसमोरच पहिल्यांदा वाजवायची, म्हणून मी ती तोवर ऐकलीही नव्हती. पाय प्लॅस्टरमध्ये, तरी मामांनी तो इस्त्रीचा कोट चढवला होता. अंगणात सगळी गल्ली जमली होती. मी विजयी वीरासारखं बटण दाबलं.

"हॅलो, हॅलो. कमल, पदर बाजूला घे." हा माझा आवाज. लोक हसले, मीही हसलो. मग कुठूनतरी लांबून, डास गुणगुणावा तसा बाईंचा सूर आला. मामांनी डोळे मिटले. आणि कुकरची शिट्टी व्हावी तसं,

"श्श!"

मामा दचकले. परत सूर, परत "श्श!" मांडीवरच्या यंत्राला सगळ्यांत जवळचा आवाज माझाच होता, हे ज्ञान मला अंगणभर लोकांसमोर झालं.

शेजारच्या आजीबाईंनी टेपकडे बोट दाखवून अहिराणीत विचारलं, "हाऊ कोन शे?"

"हाऊ आमना जवाई शे," मामा थंडपणे म्हणाले.

तेवढ्यात टेपमधली कमल म्हणाली, "बाबा आज इथे हवे होते हो." त्यावर मी काय बोललो होतो ते मला अचानक आठवलं आणि मी यंत्रावर झेप घेतली. मामांनी काठी आडवी धरली. "राहू द्या. वाजू द्या."

"तुझ्या बाबांना गाण्यातलं काय कळतंय?" माझा आवाज, स्वच्छ, खणखणीत! "रेडिओच्या खरखरीलाही वाहवा म्हणतात. बरं झालं पाय मोडला, नाहीतर इथे मान डोलवून माझं रेकॉर्डिंग हलवलं असतं!"

मी जमिनीकडे बघत होतो. जमीन दुभंगायला तयार नव्हती. टेपमधला मी आणखी काहीतरी सुरू करत होतो, "आणि तुझे बाबा तर... हंफ्!"

आणि मी बंद. एकदम बंद. मग आला बाईंचा आवाज. ढोलकीसुद्धा थांबली होती. बाई पाळणा म्हणत होत्या, बारीक, पण एकही सूर न हरवता. मामांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसत नव्हते. आजीबाईंनी हात जोडले. मीही ऐकलं. त्या दिवशी पहिल्यांदाच! आणि मैदानात हातभर अंतरावर काय चाललं होतं, ते मला कळवणच्या अंगणात कळलं.

पाळणा संपला. मामांनी गाल पुसून विचारलं, "मध्येच जावईबापू गप्प कसे झाले?"

"मी यांच्या तोंडात पदराचा बोळा कोंबला होता," कमल म्हणाली.

मामांनी चष्मा पुसला. "जावईबापू, गाण्यातलं मला कळत नाही हे खरंच. पण पोरीला कळतं. फक्त तिला थोडा उशीर झाला."

तेव्हापासून कोणत्याही गाण्याच्या कार्यक्रमाला कमल माझ्या अगदी लगटून बसते, हातात पदराचं टोक तयार ठेवून. मागच्या रांगेतल्या बायका एकमेकींना म्हणतात, "बघ गं, या वयातसुद्धा किती प्रेम!"