कडीसर आणि उघडी फाईल

कडीसरांना उघडी वस्तू बघवत नसे. नळ, दार, कपाट, बाटलीचं झाकण, समोरच्याच्या शर्टाचं वरचं बटण, सगळं ते जाता-येता बंद करत. जेवताना मी पोळीचा तुकडा मोडेपर्यंत माझ्या भाजीच्या डब्याला त्यांनी झाकण लावलेलं असे. एकदा त्यांनी ऑफिसातल्या मीटिंगच्या खोलीला बाहेरून कडी घातली. आत मालक आणि एक मोठं गिऱ्हाईक होतं. दार उघडलं तेव्हा सौदा पक्का झालेला होता. मालकांनी त्याचं श्रेय कडीला दिलं नाही. आम्ही दिलं, आणि त्या दिवसापासून सरांचे कडीसर झाले.

आमची सॉफ्टवेअर कंपनी नाशिकच्या इंदिरानगरात, औषधांच्या दुकानावर, दोन फ्लॅट जोडून थाटलेली. पाटीवर 'ग्लोबल' हा शब्द होता आणि जिन्यात चपलांचा ढीग. मालक नीलेश हा सरांचाच कॉलेजातला विद्यार्थी. निवृत्त झाल्यावर सरांना त्याने सल्लागार म्हणून आणलं, म्हणजे ब्रोशरवर त्यांचा फोटो टाकला. सर मात्र खरंच सल्ला देऊ लागले. तिथून बिनसलं.

नीलेशला मराठीतली प्रोग्रामिंगची भाषा काढायची होती. बाजार समित्यांतल्या कारकुनांनी त्यात आपापले अहवाल स्वतः लिहावेत, अशी कल्पना. नाव ठरलं 'बळीबोली'. एकही आज्ञा चालत नव्हती तेव्हा तिचं बोधचिन्ह तीनदा बदलून झालं होतं. फायलींचं काम सरांकडे आलं. आज्ञा चारच होत्या: उघड, वाच, लिही, बंद कर.

'वाच'बद्दल सरांचं म्हणणं असं, की फाईल एकदम गिळायची नाही, ओळीमागून ओळ घ्यायची. "पंगतीत बसल्यावर अख्खं पातेलं ताटात ओतून घेतो का कोणी? वाढतील तसं खावं. पोट तेवढंच असतं, माणसाचंही आणि यंत्राचंही." हे नीलेशने लगेच मान्य केलं. त्याला त्यात मिरवण्यासारखं काही दिसलं नसावं.

भांडण झालं ते चौथ्या आज्ञेवरून. सर म्हणाले, "'बंद कर' काढून टाक."

आम्ही हसलो. आमच्यातला हर्षल म्हणाला, "सर, हे तुम्ही म्हणताय?"

"मीच म्हणणार! आयुष्यभर लोकांच्या मागे हिंडून दारं लावतोय मी. उघडताना माणूस घाईत असतो आणि काम झालं की पळतो. लावत नाय रे कोणी. फाईल उघडी राहिली की लिहिलेला मजकूर ओठांवरच राहतो, आत उतरतच नाही. उघड्या फायली साचल्या की यंत्र एक दिवस हात टेकतं. मग भाषेनंच काम संपल्यावर फाईल मिटवावी. मी एकटा कुठं कुठं पुरू?"

"पण सर, यूजरला कंट्रोल द्यायचा असतो," नीलेश म्हणाला.

"नीलेश, तुझ्या गाडीचा इंडिकेटर सकाळपासून चालू आहे. आधी तो बंद कर, मग कंट्रोल दे."

नीलेश खाली जाऊन इंडिकेटर बंद करून आला. आज्ञा मात्र तशीच ठेवली.

सर सगळंच बंद करत सुटत, असं मात्र नाही. विंचूरकडच्या एका कांद्याच्या बाजारातून लिलावाचे भाव आमच्याकडे एकामागून एक येत आणि तिथल्या बोर्डवर झळकत. फाईलला शेवट असतो, तसा या प्रवाहाला ठरलेला नसतो. हर्षलने युक्ती केली: बराच वेळ काही आलं नाही, तर लिलाव संपला असं समजायचं. दुपारी तिथल्या रामभाऊंचा फोन आला. "साहेब, बोर्डवर 'लिलाव समाप्त' काय लावलंय? माणसं जेवायला गेल्ती. जेवू बी नाय का?"

हर्षल ओशाळला. सर त्याच्या बाटलीचं झाकण लावत म्हणाले, "गप्प बसणं म्हणजे संपणं नव्हे. पलीकडचा 'संपलं' म्हणेपर्यंत थांबायचं. आमच्या हिला विचार." काकू रुसल्या की दोन-दोन दिवस बोलत नसत, हे आम्हाला ठाऊक होतं.

बळीबोलीचं उद्घाटन थाटात झालं. लॅपटॉपला फीत बांधली होती, ती कापताना कीबोर्डवर कात्री पडली. नीलेशने पडद्यावर चारही आज्ञा चालवून दाखवल्या. 'बंद कर'ला टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सरांनी राजीनामा दिला. म्हणाले, "भांडण नाही रे. पण ज्या घराला दारं आहेत आणि कड्या नाहीत, तिथं मला झोप लागत नाही."

निरोप समारंभात नीलेश बोलायला उभा राहिला. सरांचं ऋण, मग नाशिकचं भवितव्य, मग जग. तिसऱ्यांदा "शेवटी एवढंच सांगतो" म्हणाला, तेव्हा सर शांतपणे उठले, त्यांनी माइकचं बटण दाबलं, टेबलावरच्या बाटलीला झाकण लावलं आणि जागेवर जाऊन बसले. कंपनीच्या इतिहासात इतक्या मनापासून टाळ्या वाजल्या नव्हत्या.

सर चांदवडला आपल्या गावच्या घरी गेले. इकडे त्यांनी सांगितलं तसंच घडू लागलं. कारकून दिवसभर भाव लिहीत आणि 'बंद कर' न म्हणता घरी जात. सकाळी पाहावं तर दुपारनंतरचे भाव फाईलमध्ये नाहीत. पुढे तर बाजारातला बोर्डच गार पडू लागला. सगळीकडून शिव्या आल्यावर नीलेशने ती आज्ञा काढली. फाईल आता आपली आपण मिटते. नव्या सादरीकरणात या सुधारणेचं नाव आहे 'माझं व्हिजन'.

हे सरांना फोनवर सांगून भागलं नसतं, कारण मधल्या काळात त्यांना अर्धांगाचा झटका येऊन वाचा गेली होती. मी चांदवडला गेलो. सर पडवीत खुर्चीत बसले होते. मी सगळं सांगितलं: आज्ञा काढली, तुमचंच खरं झालं, व्हिजन नीलेशचं निघालं. सर समोर बघत राहिले. चेहऱ्यावर काही हललं नाही.

"कळतं त्यांना सगळं, असं डॉक्टर म्हणतात," काकू म्हणाल्या. "मला काय, बोलायचे तेव्हाही माझं ऐकतात असं कधी वाटलं नाही." आणि त्यांनी पदराने डोळे पुसले.

चहा झाला. मी निघावं म्हणून पिशवी उचलली. मग रामभाऊंचा फोन आठवला, हर्षलचा चेहरा आठवला, आणि मी पिशवी खाली ठेवून परत बसलो. काकूही बसल्या. बराच वेळ कोणीच काही बोललं नाही.

मग सरांचा डावा हात हळूहळू वर आला. मला वाटलं, आशीर्वाद. मी डोकं पुढे केलं. हात माझ्या डोक्यावरून पुढे गेला आणि बोट अंगणाकडे ताठ झालं. येताना मी फाटक उघडंच टाकलं होतं. शेजाऱ्यांची शेळी काकूंच्या मेथीच्या वाफ्यात उभी होती.

मी धावत जाऊन शेळी हाकलली आणि फाटक ओढून घेतलं. वळून पाहिलं तर हात अजून तसाच. मग मी कडी घातली. तिचा आवाज पडवीपर्यंत गेला, तेव्हा कुठे त्यांनी हात खाली घेतला.