भूक राखून उठणारे सुभेदार

सुभेदार बापूंना आग्रहाने खाऊ घालणारा अजून जन्मायचाय, असं आमच्या वाईच्या आळीत म्हणत. पंगतीत जिलेबी घेऊन वाढपी आला की ते पानावर दोन्ही हात आडवे धरत. "भूक शिल्लक हाय, म्हणूनच बास म्हणतोय," या उत्तराने वाढप्याचीच पंचाईत व्हायची.

बापू आमचे शेजारी, फौजेतून निवृत्त झालेले. भाचीच्या लग्नासाठी मी डाएट करत होते: दुपारी काकडी, रात्री सूप आणि उठल्याबरोबर वजनकाटा. माझा सुकलेला चेहरा बघून ते कुंपणापलीकडून हसत. "बाई, तुमचं उपाशी राहणं लग्नापुरतं. अक्षता पडल्या की तुमी लाडवांवर तुटून पडणार." तशी मी पडलेही, आणि उतरलेलं वजन महिन्याभरात परत आलं.

बापूंना बारीक व्हायचंच नव्हतं. ते मुळात काटकुळे. त्यांना खूप जगायचं होतं. कमी खाणारे प्राणी जास्त जगतात, असं त्यांनी मोबाइलवर ऐकलं होतं. "माणसाचं तसंच होतं, हे अजून कुणी छातीठोकपणे सांगत नाही हो," मी म्हटलं. तेव्हा ते एकदम गंभीर झाले. "माज्या हातात दुसरं काय हाय? माज्यामागं शोभीला कोण बघंल?" शोभा त्यांची मुलगी, वय चाळिशीचं आणि समज लहान पोरीची. आई गेल्यापासून तिची वेणीसुद्धा बापूच घालत.

पुढे एका सकाळी बापू अंगणात चक्कर येऊन पडले. शोभा घाबरून नुसती जवळ बसून राहिली. मी दूध घ्यायला बाहेर आले म्हणून दिसले तरी. साताऱ्याच्या डॉक्टरांनी त्यांना चांगलंच झापलं. "वजन वाढलेल्यांना मी कमी खा म्हणतो. तुमच्या अंगावर उतरवायला आहे काय? हाड मोडून अंथरूण धरलंत, तर पोरीचं कोण करणार?"

परतल्यावर घरापाशी गाडीतून उतरताना बापू म्हणाले, "बाई, माजं चुकलं. मी किती जगतो ह्याला काय अर्थ न्हाई. ती माज्याबिगर जगली पायजे."

तेव्हापासून ते पोटभर जेवू लागले आणि शोभाला शिकवू लागले, तेही फौजी खाक्याने. गॅस पेटवणं, बंद करणं, कुकर, चहा. दूध उतू गेलं की "पुन्यांदा!" ही गर्जना आमच्या घरात ऐकू यायची. शोभा रडायची. बापू तिचे डोळे पुसायचे आणि परत "पुन्यांदा!" रात्री सोबतीला पुतण्याची बायको येईल, हेही त्यांनी ठरवून ठेवलं.

गेल्या थंडीत बापू झोपेतच गेले. शंभरी वगैरे काही गाठली नाही.

आमच्याकडे मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. भाऊबंद पिठलं-भाकरी आणतात. पुरुष मंडळी घाटावरून परतून ओसरीवर टेकली, तोच आतून लायटरचा आवाज आला. "अगं, आज पेटवत न्हाईत!" म्हणत बापूंची थोरली बहीण उठली आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. शोभा एकटी ओट्याशी उभी होती. दूध वर आलं, तसा तिने गॅस बारीक केला.

"करू दे तिला," आत्याबाई हळूच म्हणाल्या.

शोभाने ट्रे बाहेर आणला. सुतकातला तो चहा सगळ्यांनी घेतला.