तोडलेल्या फांदीची सावली

कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड शाळेच्या पत्त्यावर आलं. चिखलीचे धोंडिबा गेले. तासाला जाऊन फळ्यावर मडकं काढायला लागलो, पण अर्ध्यातच खडू ठेवला. मुलांना वाटलं, मास्तरांना दुःख झालंय. दुःख होतंच... पण त्याहून जास्त लाज वाटत होती.

मी चित्रकला शिकवतो आणि पक्ष्यांचे फोटो काढायचा मला नाद आहे. चार वर्षांपूर्वी रानातल्या पोपटांसाठी पुण्याहून सायकलने जाऊन चिखलीच्या माळावर हिंडत होतो. सगळीकडे बाभळी, बोरी, निवडुंग; पोपट मात्र उंचावरून ओरडत निघून जायचे. बांधावरून माझी विचारपूस करून धोंडिबा म्हणाले, "मास्तर, राघूंच्या मागं पळून काय मिळतंय? त्यांचं घरच दावतो, चला." त्यांच्या शेताकडेच्या जुन्या कडुनिंबाला ढोली होती, आत पिलं. पक्षी बुजू नयेत म्हणून त्यांनी कडब्याने भरलेली गाडी लांब सोडली आणि रोज चार पावलं पुढे सरकवली. आठव्या दिवशी मी कडब्यात दडून बसलो, तर ढोलीवर नेमकी एका फांदीची सावली. "तेवढी काढू या का?" मी विचारलं. "न्हाई मास्तर. दुपारचं ऊन सरळ पिलांवर यील." मी मान डोलावली. ते मोट हाकायला विहिरीवर गेले आणि मी फांदी कापून ओढ्यात टाकली. तासाभराने मादी आली, आतून उघड्या चोची वर झाल्या... तसा फोटो मला पुन्हा कधी मिळाला नाही.

पुढच्या रविवारी मी फोटो घेऊन गेलो. ढोलीतून पिलांचा आवाज येत नव्हता, तोंडाशी मुंग्यांची रांग लागली होती. धोंडिबा धुमसत होते. "शेजारच्या गेनानं शेळ्यांसाठी फांदी तोडली. त्याच्या दारात जाऊन नको नको ते बोललो मी." मी पिशवीतून फोटो काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. "ऊन चांगलं पडलंय," एवढंच म्हणाले आणि आत भाकरी वाढायला सांगितलं. ते फोटोचं कौतुक होतं, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली. त्या फोटोला पुढे प्रदर्शनात बक्षीस मिळालं. दरवर्षी मी त्यांच्याकडे जाऊन जेवत राहिलो, पण कडुनिंबाकडे फिरकलो नाही आणि त्या फांदीचा विषय आमच्यात पुन्हा कधी निघाला नाही.

दहाव्याला गेलो तेव्हा गेना भेटले. "फांदीपायी मला नको नको ते बोलला, त्याच सांजेला धोंडिबा परत माझ्या दारात आला," ते सांगत होते. "पाया पडाया लागला. म्हणला, गेना, तू न्हाईस. मग कोण, ते त्यानं सांगितलं न्हाई आन् मी इचारलं न्हाई."

ते मला कडुनिंबाकडे घेऊन गेले. ढोलीच्या वर छपरासारखं गोणपाट बांधलेलं होतं. "राघू माघारी आल्यापासून दर साली उन्हाळ्याच्या तोंडाला तो बांधायचा. औंदा त्याला उठवत नव्हतं, म्हणून मी बांधलं."

"गेना, फांदी मी तोडली होती," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. वाऱ्याने गोणपाटाची एक गाठ सुटून टोक फडफडत होतं. "मग चढा वर," ते म्हणाले, "आन् तेवढी गाठ मारा."

मी शिडीवर चढलो. दोनदा गाठ मारली, दोन्ही वेळा सुटली. शेवटी गेनांनी मला खाली उतरायला सांगितलं आणि स्वतः चढून ती बांधली.