ताईची खळ आणि माझे दोन चमचे

ताईच्या खळीत मैदा मी घातला. प्रेमानं घातला, पण घातला. ती पुठ्ठा आणायला गेली होती, शेगडीवर खळ शिजत होती आणि मला ती पातळ वाटली. धावत कोपऱ्यावर गेलो, मैदा आणला, दोन चमचे ढवळले. खळ अशी काही जमून आली की मला स्वतःचा अभिमान वाटला. ताईला गहू वर्ज्य आहे हे ठाऊक होतं. पण खळ कोण खातं?

ताई खायची.

ही माझी थोरली बहीण पुस्तकं बांधते. दुकान एका खोलीचं. खिडकीशी पुस्तकं दाबायचं लोखंडी यंत्र, मधे टेबल, आणि भिंतीला उभी असलेली वाचनालयाची फाटकी पुस्तकं. छत्तीस वर्षं ती पानं मोजते आहे, आणि दर चार पानांनी तिचा अंगठा जिभेला लागतो. त्याच अंगठ्याला खळ असते.

आठ वर्षं तिच्या कोपरांवर आणि गुडघ्यांवर पाण्याचे फोड यायचे. खाज अशी की ती पट्टीनं खाजवायची. खरूज म्हणून मलमं झाली, ॲलर्जी म्हणून गोळ्या झाल्या. ‘चिडचिड कमी कर’ हा सल्ला मी दिला, त्यानं चिडचिड वाढली. शेवटी त्वचेच्या एका डॉक्टरीणबाईंनी फोडाशेजारचा कातडीचा तुकडा तपासायला पाठवला आणि नंतर विचारलं, “गहू खाता?”

“फोड कोपराला आलेत, बाई,” ताई म्हणाली.

“मूळ आतड्यात आहे, त्याला गहू सोसत नाही. सीलिअ‍ॅक म्हणतात. काहींचं पोट गप्प बसतं आणि कातडी बोंब मारते.” मग त्यांनी सांगितलं की याची जनुकं आईवडिलांकडून येतात. ती असलेल्या सगळ्यांनाच दुखणं होतं असं नाही, पण सख्ख्या भावंडांनी रक्त तपासून घ्यावं.

सख्खं भावंड म्हणजे मी. “आईबाबांनी बाकी काही ठेवलं नाही,” मी म्हणालो, “हे तेवढं तूच घे, मी हक्क सोडतो.” रक्त काही दिलं नाही.

तिनं त्या दिवशीच गहू सोडला. पाव गेला, बिस्किटं गेली, समोर केक कापला तरी मान वळली नाही. वर्ष उलटलं तरी थोडे फोड उरलेच. बाई चक्रावल्या. मग एके दुपारी पानं मोजता मोजता ताई थांबली आणि मैद्याची खळ लागलेल्या स्वतःच्या अंगठ्याकडे बघत बसली.

अंगठ्याची सवय सुटेना. स्पंज ठेवला तर अंगठा स्पंज ओलांडून जिभेकडे जायचा. “ठीक आहे,” ती म्हणाली, “अंगठा ऐकत नाही, तर खळ बदलू.” धंद्यातले सगळे म्हणाले मैद्याशिवाय पकड नाही. तिनं तांदळाचं पीठ घेतलं; का, ते मला मागाहून कळलं. पहिलं पुस्तक पुठ्ठ्यातून निसटून पडलं. सातवंही पडलं. खिळ्याला पुठ्ठ्यानं टांगलेलं अकरावं पुस्तक आठवडाभर लटकत राहिलं. कोपरं स्वच्छ झाली.

आणि मग माझे दोन चमचे. आठव्या दिवशी फोड परत आले. दुकानात पाऊल टाकलं तर ताई बाही वर करून बसलेली.

“खळीला कुणी हात लावला?”

मी सांगितलं. लपवून काय करणार, चेहऱ्यावरच मैदा होता. ती ओरडली नाही. पातेलं उपडं केलं, ब्रश फेकले, टेबल गरम पाण्यानं पुसलं आणि त्या खळीची नऊ पुस्तकं उसवायला घेतली. मी मदतीला पुढे झालो आणि बाही सरकली. माझ्या कोपरावर बारीक पुरळ होतं. डासांचं, असं मी दोन वर्षं म्हणत आलोय.

ताईनं कोपर धरलं, उजेडात नेलं. हात सोडेना.

“उद्या रक्त द्यायचं.”

“माझं पोट उत्तम आहे.”

“माझंही होतं.”

“त्यापेक्षा उद्यापासून गहूच सोडतो.”

“आत्ता नाही सोडायचा. गहू खात असतानाच तपासतात, नाहीतर अहवाल फसवा येतो. सकाळी पाव खाऊन ये, मी बरोबर येणार आहे.”

पाव मला फार आवडतो. आणि आठ वर्षं पट्टीनं खाजवणारी ताई मी पाहिलेली आहे.

“आणि निघालं तर गं?”

ताईनं सुरी उचलली आणि पुढचा टाका उसवला.

“मग तरी माझ्या खळीत मैदा पडायचा नाही.”