वस्तादांनी केलेली तारीफ

शेतातल्या पंपाची जळालेली मोटार दुकानात आली की आमचे वस्ताद आधी तिचा वास घ्यायचे आणि मग मालकाची अब्रू काढायचे. "मोटार सोन्यावाणी हाय. मालकच जळका हाय," हे गिऱ्हाइकाच्या तोंडावर. तलमडुगूकडचा शेतकरी असला तर तेलुगूत, व्यापारी असला तर हिंदीत, आणि आम्हा कामगारांना चोख मराठीत. शिव्यांच्या बाबतीत तिन्ही भाषांचा पंडित माणूस! तरी आदिलाबादच्या कापूस बाजारामागच्या त्या दुकानातली गर्दी हटत नसे, कारण जळकी तार काढून वस्तादांनी नवी भरली की ती मोटार सहसा परत येत नसे.

दुकानात कोणालाच नाव नव्हतं. एक 'फ्यूज', एक 'शॉर्ट सर्किट', आणि मी 'लूज कनेक्शन'. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, पण 'बरं केलंस' एवढे दोन शब्द कधी कानावर पडले नाहीत. "तारीफ केली का माणसाचा हात ढिला पडते," म्हणायचे. माझं वाइंडिंग, म्हणजे तार भरणं, चांगलं झालं तर ते नुसते गप्प बसत. त्या गप्प बसण्यावर आम्ही आठवडा काढायचो.

आणि वाईट झालं तर? बिघडलेली कॉइल पक्कडीने कापून ते आमच्या गळ्यात घालायचे आणि तसंच चहा आणायला पाठवायचे. सगळा बाजार दात काढायचा. एकदा निर्मलहून माझ्यासाठी सोयरिकीची माणसं आली, मुलगा काम कुठे करतो ते बघायला. मी गळ्यात तारेचं भेंडोळं आणि हातात किटली घेऊन त्यांच्या पुढ्यात! मुलीच्या बापाने विचारलं, "हे काय?" वस्ताद म्हणाले, "हार हाय. नवरदेव हाय ना तो." सोयरीक तिथेच मोडली. पाना घेऊन त्यांचं टाळकं फोडावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू! संध्याकाळी मात्र मला घरी जेवायला नेलं. ताटात दुसऱ्यांदा मटण वाढत म्हणाले, "ज्याले तांब्याच्या तारेची लाज वाटते, त्याची पोरगी काऊन करतं बे?"

पुढे परदेशातल्या एका कंपनीने मला मोटार वाइंडिंगसाठी बोलावलं. कुशल कामगाराचा व्हिसा! आईने गल्लीभर पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. तेवढ्यात तिकडच्या सरकारने विचारलं, तुम्ही इतकी वर्षं पूर्ण वेळ हेच काम करत होता याचा पुरावा द्या. आता बोंबला! नेमणुकीचं पत्र, पगाराची पावती, आमच्याकडे यातलं काय असणार? पगार शनिवारी हातावर, तोही शिवीसकट. पुरावा एकच, वस्तादांचा शब्द. हैदराबादच्या एजंटाने इंग्रजीत दाखला लिहून पाठवला, त्यावर वस्तादांनी न वाचता सही ठोकली. "इंग्रजीत हाय ना? मंग खरंच असन." एजंट म्हणाला, त्यांना चौकशीचा फोन येईल, हा फक्त वाइंडिंग करतो, एवढंच सांगायला लावा. मी तसं वस्तादांना सांगितलं. "मले शिकवू नको," म्हणाले.

फोन आला तेव्हा माझे हात वार्निशात होते. मोटारींच्या घरघरीने वस्तादांचे कान गेलेले, त्यामुळे फोन कायम स्पीकरवर. पलीकडून व्हिसा कचेरीतल्या बाईंनी हिंदीत विचारलं, हे तुमच्याकडे काय काम करतात?

"क्या काम नहीं करता, वो पूछो बाई!" वस्ताद उठून उभे राहिले. "भैंस का दूध काढता. खेत में कपास चुनवाता. मेरी घरवाली बीमार थी तो दवाखाने में येइच रहा. मेरा बेटा नहीं आया, ये रहा."

मी हातवारे करायला लागलो. त्यांना वाटलं मी लाजतोय. त्यांनी हसून मला गप्प बसवलं.

"तो ये पूरे समय वाइंडिंग नहीं करते?"

"अजी, वाइंडिंग में क्या है? वो तो कोई भी करता. ये जो बोलो वो काम करता. हीरा है!"

आमच्याकडे माणसाची तारीफ एकाच मापाने होते: पडेल ते काम करतो. एकच काम येणारा म्हणजे अर्धा माणूस. मी हातातल्या वार्निशासकट उभा होतो, बारा गावच्या शिव्या खाऊन झाल्यावर पहिल्यांदा 'हीरा' ऐकत, आणि माझं परदेशी जाणं डोळ्यांदेखत बुडत होतं. वर आनंदही होत होता, मेला!

नकार आला. मालकाच्या बोलण्यावरून हा पूर्ण वेळचा वाइंडर वाटत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

"काऊन नाही म्हणते ते?" वस्ताद चिडले. "मी तं इतकं चांगलं सांगतलं!"

"तुमी चांगलं सांगतलं म्हणूनच नाही म्हणते," मी भर गिऱ्हाइकांत ओरडलो. "जन्मात एकदा तारीफ केली तुमी, अन् माही जिंदगी जाळली!"

त्यांनी पक्कड खाली ठेवली. मग म्हणाले, "लाव फोन परत. सांगतो, याले वाइंडिंगशिवाय काहीच येत नाही."

आता कोणाला लावणार, कपाळ! पण तेव्हापासून अनोळखी नंबर दिसला की वस्ताद झडप घालायचे. कर्ज हवंय का विचारणारी पोरगी असो की चुकून लागलेला फोन असो, "हमारे यहाँ एक लडका है, उसको वाइंडिंग के सिवा कुछ नहीं आता." गिऱ्हाइकं हसायची. मी हसत नसे. राग गेला नव्हता. आजही पुरता गेलेला नाही.

शेवटी वस्ताद सरकारी दवाखान्यात पडले, ते उठलेच नाहीत. मुलगा फोनवरून चौकशी करायचा. अंग पुसणं, दाढी करणं, कण्या भरवणं, सगळं माझ्याकडे. एका सकाळी मी त्यांच्या खालचं भांडं काढत होतो, तेवढ्यात नव्या डॉक्टरीणबाई हातात कागद घेऊन आल्या. "ये कौन है? बेटा?"

वस्तादांनी डोळे उघडले. कागद बघितला. सगळा दम गोळा करून म्हणाले, "नहीं बाई. ये सिर्फ वाइंडिंग करता. दूसरा कुछ काम नहीं आता इसको. लिख लेव."

बाई माझ्या हातातल्या भांड्याकडे बघत राहिल्या.

"हो मॅडम," मी म्हणालो, "खरं आहे. लिहून घ्या."