झाकणबाई

कॅमेरे विकणारे आमच्या प्रयोगशाळेच्या बाईंना मागून ‘झाकणबाई’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

द्रवातून येणारा अगदी मंद प्रकाश रंगांनुसार वेगळा करून मोजायचा, हे आमचं काम. त्यासाठी नवा कॅमेरा घ्यायचा होता. विक्रेते पडद्यावर आलेखाची उंचच उंच शिखरं दाखवू लागले, तशा बाई कडाडल्या, “शिखरं राहू द्या. आधी कॅमेऱ्याला झाकण लावून दाखवा!”

झाकण लावलं, तर पहिल्याच्या पडद्यावर वारूळ फुटल्यासारखे ठिपके. दुसऱ्याने अंधारातही ऐटदार शिखर काढलं. तिसऱ्याची रेघ सपाट राहिली, आणि झाकण काढल्यावर मंद उजेड त्याने बरोबर टिपला.

“हाच घ्यायचा,” बाई म्हणाल्या. “ज्याला नसलेलं दिसतं, त्याला काय जाळायचंय?”

मला माझी मुलाखत आठवली. बाईंनी एक आलेख पुढे सरकवून विचारलं होतं, “काय दिसतं?” बाहेर आलेले उमेदवार आपापली शिखरं मोजत होते. मी मात्र घाबरत म्हणाले होते, “मला तर काहीच दिसत नाही,” आणि घरी जाऊन आईच्या कुशीत रडले होते. तरी नोकरी मलाच मिळाली. त्या नोकरीने मला माणसांत आणलं. बाईंचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. पण मलाच का घेतलं, हे विचारायचं धाडस कधी झालं नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

वायर गुंडाळता गुंडाळता बाई हसल्या.

“अगं, तो आलेख झाकण लावूनच काढला होता.”